कळप आणि मोहोळ

लोकसभा निवडणुकीच्या सातव्या आणि अखेरच्या टप्प्याचे मतदान १ जून २०२४ रोजी संध्याकाळी संपले आणि कायद्याने घालून दिलेला अर्ध्या तासाचा अवधी सरताच दूरचित्रवाणीच्या पडद्यांवर मतदानोत्तर चाचण्यांचे आकडे झळकू लागले. वाहिन्या वेगळ्या, चाचण्या घेणाऱ्या संस्था वेगळ्या. निष्कर्ष मात्र जवळपास एकच. सत्ताधारी राष्ट्रीय लोकशाही आघाडीला साडेतीनशेहून अधिक जागा मिळणार, काहींच्या मते तर ती चारशेच्या घरात जाणार. सोमवारी, ३ जूनला मुंबई शेअर बाजाराचा निर्देशांक अडीच हजार अंशांनी उसळला. मंगळवारी मतमोजणी झाली. भारतीय जनता पक्षाला २४० आणि आघाडीला २९३ जागा मिळाल्या आणि त्याच निर्देशांकाने एका दिवसात सुमारे चार हजार चारशे अंशांची गटांगळी खाल्ली.

त्या चार दिवसांत देशासमोर दोन समूह उभे होते. एक समूह चाचणीकार, वृत्तनिवेदक, भाष्यकार आणि दलाल यांचा. संख्येने लहान, माहितीने समृद्ध आणि परस्परांच्या सतत संपर्कात असलेला. दुसरा समूह सुमारे ६४ कोटी मतदारांचा. त्यातील प्रत्येकाने पुठ्ठ्याच्या आडोशाला एकट्याने उभे राहून एक बटण दाबलेले. पहिला समूह एकमुखाने चुकला. राजधानीतील जुन्या मंडळींना २००४ चा मे महिनाही आठवत असेल. ‘भारत उदय’च्या झगमगाटात वाजपेयी सरकारच्या पुनरागमनाविषयी दिल्लीच्या दिवाणखान्यांत फारशी शंका उरली नव्हती. १३ मे रोजी काँग्रेसला १४५ आणि भाजपला १३८ जागा मिळाल्या, तेव्हा सर्वांत मोठा धक्का बसला तो जाणकारांनाच.

यातून मतदार तेवढा शहाणा आणि तज्ज्ञ तेवढा अडाणी, असा सोयीस्कर निष्कर्ष काढण्याचे कारण नाही. मतदारही लाटेवर स्वार होतो, जातीपातीच्या हिशेबात अडकतो, प्रचाराला भुलतो. प्रश्न शहाणपणाच्या मालकीचा नाही. माणसे एकत्र आली की कधी त्यांची बेरीज प्रत्येकापेक्षा शहाणी ठरते, आणि कधी तीच माणसे एकेकटी असतानाच्या पातळीहूनही खाली घसरतात. असे का होते, हा खरा प्रश्न आहे. पहिल्या अवस्थेला मोहोळ म्हणता येईल, दुसरीला कळप. राज्यकारभार हा अखेर समूहांनी घ्यायच्या निर्णयांचाच व्यवहार असल्याने हा भेद केवळ निसर्ग अभ्यासकांपुरता उरत नाही.

बैलाचे वजन

इंग्लंडमधील प्लिमथ येथे १९०६ साली भरलेल्या पशुप्रदर्शनात एक पैज लावली होती. समोरचा धष्टपुष्ट बैल कापून साफ केल्यावर त्याचे वजन किती भरेल? सहा पेन्सचे तिकीट घ्यायचे, त्यावर आपला अंदाज लिहायचा. खाटीक आणि शेतकरी यांच्याबरोबरच हौशे-गवशेही त्यात होते. सर फ्रान्सिस गाल्टन या शास्त्रज्ञाने नंतर ती तिकिटे मिळवून वाचता येण्याजोगी ७८७ वेगळी काढली. सामान्य जनांच्या बुद्धीविषयी गाल्टन यांचे मत फारसे चांगले नव्हते. परंतु चढत्या क्रमाने लावलेल्या अंदाजांतील मधला आकडा निघाला १,२०७ पौंड. प्रत्यक्ष वजन होते १,१९८ पौंड. चूक एक टक्क्याहूनही कमी. पुढच्या वर्षी ‘नेचर’ नियतकालिकात त्यांनी हे निरीक्षण प्रामाणिकपणे प्रसिद्ध केले.

या किश्श्यातील किमया संख्येत नाही, तिकिटात आहे. प्रत्येकाने आपला आकडा स्वतंत्रपणे लिहिला होता. कोणी जास्त धरले, कोणी कमी. चुका उलटसुलट दिशांच्या असल्याने त्या एकमेकींना खाऊन गेल्या. तिकिटांऐवजी एखाद्या प्रतिष्ठित जमीनदाराने मंचावर उभे राहून ‘पंधराशे’ असे जाहीर केले असते आणि मग लोकांना विचारले असते, तर बहुतेकांचे आकडे पंधराशेच्या भोवती घोटाळले असते. चुका एकाच दिशेच्या झाल्या की त्या एकमेकींना खात नाहीत, साचत जातात.

फ्रेंच विचारवंत काँदॉर्से यांनी १७८५ मध्येच हे गणिताने मांडले होते. प्रत्येक सदस्य बरोबर असण्याची शक्यता निम्म्याहून थोडी जरी अधिक असेल आणि प्रत्येकाने आपले मत स्वतंत्रपणे बनवले असेल, तर सदस्यसंख्या वाढेल तसा बहुमताचा निर्णय अचूकतेच्या जवळ जातो. सदस्यांचा कल निम्म्याहून अधिक वेळा चुकीकडे असेल, तर मात्र तीच संख्या त्या निर्णयाला खात्रीने खड्ड्यात नेते. बहुमताची बाजू मांडताना पहिला भाग अनेकदा सांगितला जातो. स्वातंत्र्याची अट आणि दुसरा भाग मात्र विसरला जातो.

मधमाशी पाहून येते

निसर्गात या अटीचे सर्वांत सुंदर उदाहरण मधमाश्यांचे आहे. दुसऱ्या महायुद्धाने उद्ध्वस्त केलेल्या म्युनिकमध्ये १९४९ साली मार्टिन लिंडाउअर या तरुण संशोधकाला झाडाला लटकलेल्या एका मोहोळावर काही मळकट माश्या नाचताना दिसल्या. कोणी काजळीने माखलेली, कोणी विटांच्या धुळीने. त्या परागासाठी गेलेल्या नव्हत्या; पडक्या इमारतींतून नव्या घराची जागा शोधून आल्या होत्या. पुढे अमेरिकेतील कॉर्नेल विद्यापीठाच्या थॉमस सीली यांनी अनेक वर्षे प्रयोग करून या शोधाची संपूर्ण कार्यपद्धती उलगडली.

जुने पोळे सोडून निघालेल्या सुमारे दहा हजार माश्यांपैकी काही शेच टेहळणीला जातात. झाडाची ढोली पुरेशी मोठी आहे का, तिचे तोंड लहान आणि जमिनीपासून उंच आहे का, हे त्या आत शिरून पाहतात आणि परत येऊन नाचाच्या भाषेत जागेची दिशा व अंतर सांगतात. जागा जितकी चांगली, तितका नाच लांबतो. कळीची गोष्ट याच्या पुढे आहे. नाच पाहणारी माशी तो पाहून लगेच नाचू लागत नाही. ती स्वतः त्या जागी जाते, स्वतः तपासणी करते आणि तिला जेवढी जागा पसंत पडली असेल तेवढेच नाचते. शिवाय प्रत्येक माशी आपल्या जागेचा प्रचार फेरीगणिक कमी करत नेते आणि शेवटी थांबते. त्यामुळे जुने मत हट्टाने लोंबकळत राहत नाही. प्रतिस्पर्धी जागेच्या प्रचारक माशीला डोक्याने टोला देऊन थांबवण्याचा संकेतही त्यांच्यात असतो. एखाद्या जागी एकाच वेळी वीस-तीस टेहळे दिसू लागले की गणसंख्या पुरी झाली असे मानून निघण्याची तयारी सुरू होते. राणीमाशीचा या सगळ्यात काहीही हुकूम नसतो.

याच कीटकसृष्टीत उलटे दृश्यही आहे. दक्षिण अमेरिकेतील लष्करी मुंग्या जवळजवळ आंधळ्या असतात आणि पुढच्या मुंगीने सोडलेल्या गंधामागून चालतात. एरवी ही पद्धत लाखोंच्या फौजेला व्यवस्थित नेते. पण एखादी तुकडी मुख्य फौजेपासून तुटून तिची रांग आपल्याच शेपटाला मिळाली, की वर्तुळ तयार होते. १९२१ साली विल्यम बीब या निसर्ग अभ्यासकाने ब्रिटिश गियानात असे एक वर्तुळ पाहिल्याचे नोंदवले. त्याचा परीघ बाराशे फूट होता आणि एका मुंगीला फेरी पुरी करायला अडीच तास लागत होते. बहुसंख्य मुंग्या थकून मरेपर्यंत, दोन दिवस ही प्रदक्षिणा चालू राहिली. प्रत्येक मुंगी आपले कर्तव्य चोख बजावत होती. पुढची कुठे चालली आहे, हे पाहण्याची सोय मात्र एकीलाही नव्हती.

कळप मूर्खांचा नसतो

माणसाचा कळप अडाण्यांचाच होतो, हा सुशिक्षितांचा आवडता गैरसमज आहे. बदली होऊन दिल्लीत नव्याने आलेला एखादा कर्मचारी जेवणासाठी बाहेर पडतो. शेजारी-शेजारी दोन खानावळी. एकीत चारजण बसलेले, दुसरी रिकामी. एका सहकाऱ्याने दुसरी चांगली असल्याचे त्याला सांगितलेले असते, तरी तो पहिलीत शिरतो. चौघांना काही ठाऊक असेल, असा विचार करतो. त्याचा विचार तर्काला सोडून नाही. पण त्या चौघांतील तिघांनीही नेमका असाच विचार केलेला असू शकतो. आता सहावा येतो, त्याला पाच दिसतात. अर्थशास्त्रज्ञांनी १९९२ पासून या साखळीचे गणित मांडले आहे. यात प्रत्येकजण शहाणपणाने वागतो आणि तरीही प्रत्येकाजवळची खासगी माहिती समूहाला कधीच कळत नाही. पाच माणसांचे मत म्हणून जे दिसते, ते प्रत्यक्षात एकाच माणसाचे मत असते.

चाचणीकारांची अडचणही याच जातीची. सर्वांहून वेगळा आकडा देऊन चुकणाऱ्याचे दुकान बंद होते, सर्वांबरोबर चुकणाऱ्याचे चालू राहते. २०२४ मध्ये कोणी आपला आकडा इतरांकडे पाहून वळवला, असा आरोप येथे करायचा नाही. पण एका दिशेची एवढी एकवाक्यता दिसते, तेव्हा ती दहा साक्षींची आहे की एकाच साक्षीच्या दहा प्रतींची, हे विचारण्याचा हक्क वाचकाला आहे.

ही चूक निवडणुकीच्या अंदाजात झाली तर काही जणांचे पैसे बुडतात. इतरत्र माणसे मरतात. १ जुलै २०१८ रोजी, रविवारी, धुळे जिल्ह्यातील साक्री तालुक्यात राईनपाडा येथे आठवडी बाजाराच्या दिवशी पाच जणांना जमावाने ठेचून मारले. ते सोलापूर जिल्ह्यातून भिक्षेसाठी आलेले नाथपंथी डवरी गोसावी समाजाचे लोक होते. मुले पळवणारी टोळी फिरत असल्याच्या अफवा त्याआधी व्हॉट्सअॅपवरून सर्वत्र पसरल्या होत्या. वीस ठिकाणांहून आलेला एकच संदेश वाचणाऱ्याला वीस साक्षीदारांसारखा भासतो. त्या वीस जणांपैकी एकाने तरी काही डोळ्यांनी पाहिले आहे का, हा मधमाशीचा प्रश्न कोणी विचारला नाही. त्याच महिन्यात व्हॉट्सअॅपने भारतात एक संदेश एका वेळी पाचच ठिकाणी पुढे पाठवता येईल, अशी मर्यादा घातली. हा उपाय कळपाचे नेमके मर्म ओळखणारा होता. मात्र त्याने वेग कमी होतो, पडताळणीची सवय लागत नाही.

निर्णय आधी, मत नंतर

सत्तेच्या सर्वोच्च दालनातही हाच प्रसंग येऊ शकतो. आणीबाणीच्या उद्घोषणेवर राष्ट्रपती फक्रुद्दीन अली अहमद यांनी २५ जून १९७५ च्या रात्री सही केली. केंद्रीय मंत्रिमंडळाची बैठक बोलावली गेली ती २६ जूनच्या सकाळी सहा वाजता, झालेल्या निर्णयाला संमती देण्यासाठी. त्या मंत्रिमंडळात यशवंतराव चव्हाण, जगजीवन राम, स्वर्णसिंग यांच्यासारखे दीर्घ अनुभवाचे नेते होते. विरोधाची नोंद कोणीही केली नाही. लोकसभेत आणीबाणीच्या मान्यतेचा ठराव मांडणारे जगजीवन राम फेब्रुवारी १९७७ मध्ये, निवडणूक जाहीर झाल्यावर, काँग्रेसमधून बाहेर पडले. त्या सकाळी टेबलाभोवती कोणाच्या मनात काय होते, हे सांगणे कठीण आहे. पण मत विचारण्याची वेळच अशी निवडली गेली होती, की ज्याच्या मनात शंका असेल त्याला आपण एकटेच आहोत असे वाटावे.

याउलट, आणीबाणीत अटक झालेल्यांना न्यायालयात दाद मागता येते, असा कौल देशातील नऊ उच्च न्यायालयांनी आपापल्या ठिकाणी दिला होता. सर्वोच्च न्यायालयाने २८ एप्रिल १९७६ रोजी चार विरुद्ध एक अशा बहुमताने तो फिरवला. एकटे न्यायमूर्ती हंसराज खन्ना विरोधात राहिले आणि त्याची किंमत म्हणून पुढच्या वर्षी सरन्यायाधीशपदाला मुकले. बहुमतातील न्यायमूर्ती पी. एन. भगवती यांनी २०११ मध्ये आपल्या त्या निर्णयाबद्दल जाहीर खेद व्यक्त केला. २०१७ मध्ये खासगीपणाच्या हक्काच्या खटल्यात नऊ न्यायमूर्तींच्या पीठाने तो निकाल मोडीत काढला. भिन्नमत तेव्हा हरले. पण लेखी नोंदले गेले होते, म्हणून चाळीस वर्षांनी उपयोगी पडले.

स्वातंत्र्याची लहान लहान कुलुपे

तात्पर्य, समूहाला शहाणे ठेवायचे तर प्रत्येकाचे मत दुसऱ्याच्या सावलीत येण्याआधी नोंदले जाईल, अशी व्यवस्था करावी लागते. आपल्या राज्यव्यवस्थेत अशी अनेक कुलुपे आहेत; ती रुक्ष नियमांच्या रूपात असल्याने त्यांचे महत्त्व जाणवत नाही. गुप्त मतदान हे त्यांतील सर्वांत मोठे. लोकप्रतिनिधित्व कायद्यात २००९ च्या दुरुस्तीने आलेले १२६-अ हे कलम दुसरे. अखेरच्या टप्प्याचे मतदान संपेपर्यंत मतदानोत्तर चाचण्या प्रसिद्ध करण्यास त्याने बंदी आहे. पहिल्या टप्प्यातील मतदाराचा कौल सातव्या टप्प्यातील मतदाराला ‘चार माणसे बसलेली खानावळ’ म्हणून दिसू नये, हाच त्याचा हेतू.

लष्करातही हे तत्त्व आहे. १९५४ च्या सेना नियमांनुसार कोर्ट मार्शलमध्ये सदस्यांचे मत सर्वांत कनिष्ठापासून घेतले जाते. वरिष्ठाचे मत आधी ऐकले, तर कनिष्ठाला स्वतःचे मत उरणार नाही, हे ज्यांचा सारा व्यवहार आज्ञापालनावर उभा आहे त्यांनीच ओळखले, ही गोष्ट विचार करण्याजोगी आहे. सचिवालयातील नस्तीचा प्रवासही मूळ कल्पनेनुसार असाच खालून वर होतो. कक्ष पातळीवरचा कर्मचारी नियम, पूर्वदाखले आणि वस्तुस्थिती मांडून टिपणी लिहितो आणि मग ती एकेक पायरी वर चढते.

पण काही कुलुपे गंजली आहेत, तर काहींची किल्ली हरवली आहे. मतपत्रिकांच्या काळात निरनिराळ्या केंद्रांवरील मते मिसळून मोजण्याची तरतूद होती. मतदानयंत्रांमुळे आता केंद्रनिहाय कौल उघड होतो आणि कोणत्या वस्तीने कोणाला मत दिले हे गावच्या पुढाऱ्याला कळते. अनेक यंत्रांची बेरीज एकत्र दाखवणारे उपकरण वापरावे, असा प्रस्ताव निवडणूक आयोगाने २००८ मध्ये दिला. विधी आयोगाने २०१५ मध्ये त्याला पाठिंबा दिला. तो अमलात आलेला नाही. १९८५ च्या पक्षांतरबंदी कायद्याने घोडेबाजाराला आळा घालताना प्रत्येक विधेयकावर पक्षादेश बंधनकारक केला. त्याची सक्ती विश्वासदर्शक ठराव, वित्तविधेयक अशा मोजक्या प्रसंगांपुरती ठेवावी, असे दिनेश गोस्वामी समितीने १९९० मध्येच सुचवले होते. आज पक्षादेश निघालेल्या प्रश्नावर पाचशे त्रेचाळीस खासदारांचे मत म्हणजे वस्तुतः काही पक्षनेत्यांचे मत असते. सभागृहातील गणसंख्या तेवढी पाचशेची.

आणि नस्ती? ‘वरून’ आलेला दूरध्वनी टिपणीच्या आधी पोहोचला, की खालून वर जाणारा प्रवास उलटा फिरतो. मग टिपणी निर्णयाचे कारण राहत नाही, त्याचे समर्थन होते. पाच सह्या होतात, मत एकच. तोंडी आदेशांवर विसंबून न राहता ते लेखी नोंदवावेत, असे सर्वोच्च न्यायालयाने टी. एस. आर. सुब्रमण्यम यांच्या याचिकेवर ३१ ऑक्टोबर २०१३ रोजी बजावले. अखिल भारतीय सेवांच्या १९६८ च्या आचरण नियमांतही तोंडी आदेशाची शक्य तितक्या लवकर लेखी पुष्टी घेण्याची तरतूद आहे. नियम आहेत, ते वापरणाऱ्याची गैरसोय कशी टळणार, हा प्रश्न शिल्लक आहे.

या गैरसोयीचा सन्मान कसा करावा, याचा वस्तुपाठ आपल्याकडेच आहे. २५ नोव्हेंबर १९४९ रोजी संविधान सभेतील समारोपाच्या भाषणात डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी मसुद्यावर आलेल्या सुमारे ७,६०० दुरुस्त्यांचा हिशेब दिला. त्यांपैकी २,४७३ प्रत्यक्ष सभागृहात मांडल्या गेल्या होत्या. मसुदा समितीच्या अध्यक्षाला यांतील पुष्कळशा दुरुस्त्यांचा मनस्ताप झाला असणार. तरीही पक्षशिस्त काटेकोर पाळली गेली असती तर ही सभा होयबांचा मेळावा ठरली असती, सुदैवाने सभेत बंडखोर होते, अशा आशयाचे उद्गार काढून त्यांनी त्यांची नावे घेतली. ह. वि. कामत त्यांत होते, आणि विदर्भाचे डॉ. पंजाबराव देशमुखही होते. बंडखोरांच्या बहुतेक सूचना आपण स्वीकारू शकलो नाही, हे सांगून आंबेडकरांनी त्यांचे आभार मानले.

ज्यांच्या सूचना फेटाळल्या त्यांचे आभार मानणे हा औपचारिक सौजन्याचा भाग नव्हता. विरोधातून तावून निघालेला मसुदा आणि मान डोलावून मंजूर झालेला मसुदा यांतील फरक मसुदाकाराइतका कोणाला कळणार? राजधानीत रोज हजारो नस्त्यांवर सह्या होतात. त्यांतील प्रत्येक सहीच्या जागी खरे तर एक टेहळी माशी अपेक्षित आहे. जी कोणाचा तरी नाच पाहून परतलेली नाही, ढोलीत स्वतः डोकावून आलेली आहे. वरच्या चार सह्या पाहून पाचवी करण्याआधी आत काय आहे ते एकदा पाहावे आणि वेगळे दिसले तर दोन ओळी लिहून ठेवाव्यात. त्या ओळी बहुधा फेटाळल्या जातील. पण मंडळ फिरत राहिलेल्या मुंग्यांपाशी, रांग चुकली आहे हे सांगणारी एवढीशी नोंदही नव्हती.